डिव्हायडरवरची झाडं दर उन्हाळ्यात जळतायत? नवीन रोपं आणायच्या आधी हे तपासा

मार्च संपत आला की फोन सुरू होतात. "अण्णा, झाडं जळाली की सगळी, नवीन लावून द्या." मग रोपांची गाडी येते, तेच ड्युरांटा, तेच अकॅलिफा, त्याच खड्ड्यात बसतं, पावसाळ्यात फोटो झकास येतो आणि पुढच्या एप्रिलला परत तोच फोन. सोलापुरात डिव्हायडरच्या बागा सांभाळायचं काम मी बरीच वर्षं करतोय, स्पॉन्सर केलेले चौक, कारखान्यांच्या गेटसमोरचे पट्टे, मोठ्या रोडचे लांबच लांब डिव्हायडर, सगळीकडे बिघाड जवळपास एकच आणि तो रोपात क्वचितच असतो. पाणी कसं पडतं आणि मातीच्या खाली काय पुरलंय, या दोन गोष्टींत असतो. म्हणून रोपाला शेवटचा संशयित धरा.

खाली बिनपैशाच्या तपासण्या आधी आहेत, खर्चाच्या नंतर. क्रम सोडून डायरेक्ट खोदायला जाऊ नका, का ते पुढे येईलच.

आधी लक्षणं नीट बघा

पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं. गाडीवरून नाही, चालतच. आणि सकाळी सहा-सातला, कारण दुपारी बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत चांगलं झाडसुद्धा मान टाकतं, त्यावरून काही कळत नाही. सकाळी पण मान खालीच असेल तर मात्र खरंच गडबड आहे.

पानाची कड भाजल्यासारखी तपकिरी आणि मधे हिरवं असेल तर पाणी मुळापर्यंत जात नाही, नाहीतर पाणी खारं आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्यागार, हे लोहाचं लक्षण, एक्झोरावर तर हमखास दिसतं. उलट खालची जुनी पानं आधी पिवळी पडत वर येत असतील तर नत्र कमी. माती ओली आहे आणि झाड तरी सुकतंय, म्हणजे मुळं गुदमरलीयत, तिथे अजून पाणी ओतलं की झाड गेलंच. पानं चिकट, वर काळी काजळी, फांदीच्या बेचक्यात पांढरा कापूस, हा मिलीबग. पिवळ्या-नारिंगी दोऱ्यांचं जाळं पसरलंय, ती अमरवेल.

झाड कसं दिसतं याच्याइतकंच ते कुठं मेलंय हे महत्त्वाचं. सगळा पट्टा एकसारखा पिवळा असेल तर पाणी किंवा माती. मधेच दहा-पंधरा फुटांचा तुकडा मेलाय आणि दोन्ही बाजू चांगल्या, तर त्या तुकड्याखाली काहीतरी आहे. एकाच जातीची झाडं मेलीत, बाकी ठणठणीत, तर जात चुकीची. आणि लाइटच्या पोलभोवती गोल करून झाडं मेली असतील तर हात लावू नका, आधी खाली शेवटचा भाग वाचा.

माणसं, शेळ्या आणि ट्रॉल्या

हे तपासायला फक्त डोळे लागतात. शेंडे सगळे एका उंचीवर ओरबाडलेले दिसले की शेळ्या किंवा मोकाट जनावरं, खाली लेंड्या सापडतातच. फक्त रोडच्या बाजूच्या फांद्या मोडल्यात, त्या पण छातीच्या उंचीच्या वर, तर ऊसाच्या ट्रॉल्या. गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर शहराच्या कडेकडेच्या रोडवरून जातात, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, हेजची, म्हणजे झुडपांच्या सलग ओळीची, एक बाजू तासून निघते. यावर औषध नाही, खत नाही, हेजची रुंदी कर्बच्या (डिव्हायडरच्या कडेच्या सिमेंटच्या दगडांच्या) आत अर्धा फूट ठेवायची एवढंच.

माणसांचं वेगळं. दुकानासमोर, शाळेसमोर, रिक्षा स्टॉपसमोर लोक जिथून ओलांडतात तिथे कुठलंही झाड टिकत नाही, तुम्ही काटे लावा, तार लावा, लोक आठवड्यात वाट पाडतात. तिथे परत परत रोपं घालण्यापेक्षा ते दोन-तीन फूट सरळ पेव्हर टाकून मोकळं सोडा, आजूबाजूची झाडं तरी वाचतील. आणि जयंती, मिरवणूक, निवडणूक या काळात फ्लेक्सचे बांबू कुठे रोवले ते बघून घ्या. बांबू काढला की खड्डा तसाच राहतो, त्यात मूळ उघडं पडतं, ड्रिपची नळी असेल तर बरोबर तिच्यातूनच बांबू गेलेला असतो (कसं जमतं काय की, पण जमतं).

सळई घाला

ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी आणि खर्च शून्य. अर्ध्या इंचाच्या आतली दोन फुटी सळई घ्या. टँकरने पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी झाडापासून वीतभर अंतरावर हाताने दाबा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरडी माती लागली की थांबते. किती इंच गेली ते अंगठ्याने धरून बघा. नऊ-दहा इंच गेली तर पाणी ठीक. दोन इंचावर थांबली तर तुमचं पाणी झाडाला नाही, हवेला चाललंय.

का होतं ते हिशोबात बघा. एक किलोमीटर लांब, दीड मीटर रुंद पट्टा म्हणजे १५०० चौरस मीटर. दहा हजार लिटरचा टँकर त्यावर सारखा पसरला तर सात मिलिमीटरसुद्धा पाणी होत नाही, काळ्या मातीत ते जेमतेम दीड इंच मुरतं आणि मे महिन्याच्या उन्हात, वाऱ्यात लगेच उडून जातं. झाडाची मुळं मग ओलाव्याच्या मागे वरवरच पसरतात आणि एक पाळी चुकली की जळतात. तोच टँकर हेजच्या ओळीला फूटभर रुंद चर काढून फक्त चरात सोडला तर ३०० चौरस मीटर भिजवायचे असतात, पाणी सहा-सात इंच खाली जातं. पाणी तेवढंच, टँकर तेवढाच. म्हणून रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड चरात भरपूर द्या. गावात नळाला पाणी रोज येत नाही, उजनी धरणावरनं पाइपलाइनने पाणी आणावं लागतं आणि आपण डिव्हायडरवर शिंपडून उडवायचं, हे लोकांना खटकतं आणि खटकायलाच पाहिजे.

टँकरवाल्यावर पण लक्ष ठेवा. ड्रायव्हर गाडी हळूहळू चालवतोय, मागचा पोरगा दोन इंची पाइप धरून उभा, प्रेशर असं की माती उडून मुळं उघडी पडतात, गढूळ पाणी कर्बवरून रोडवर येतं, टू-व्हीलर घसरतात. पाइपच्या तोंडाला पोतं बांधा किंवा शॉवर लावा, धार मरते. पाणी द्यायची वेळ रात्री उशिरा नाहीतर पहाटे, तेव्हा रोड पण मोकळा असतो.

मातीची पातळी

दर वर्षी नवीन रोपांबरोबर वर माती टाकतात, टाकतात आणि माती कर्बच्या वर येऊन गाढवाच्या पाठीसारखी होते. अशा पट्ट्यावर कितीही पाणी द्या, ते दोन्ही बाजूंनी रोडवरच जाणार. माती कर्बच्या वरच्या कडेपेक्षा तीन-चार इंच खाली पाहिजे. फावडं, एक मजूर, एक सकाळ, एवढंच काम आहे. काढलेली माती फेकू नका, खोल खड्डे भरायला लागते. आणि झाडाच्या खोडाला जिथून मुळं सुटतात तो भाग मातीत गाडला गेला असेल तर तो मोकळा करा, नाहीतर साल कुजते.

माती खाली घेतली की ओल टिकवायला वर दोन-तीन इंच आच्छादन टाका. शहराला लागून कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र आहे, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय केंद्र आहे, जिल्ह्यातले शेतकरी कमी पाण्यात बागा जगवतात आणि आपण भर चौकात कार्पेट लॉन लावून बसतो, असो. पाचट किंवा सुका पाला रोडवर उडतो आणि कोणी बिडी टाकली की पेटतो, त्यामुळे डिव्हायडरवर चांगलं कुजलेलं प्रेसमड (साखर कारखान्यातली मळी) कंपोस्ट किंवा शेणखत आणि त्यावर बारीक खडीचा पातळ थर बरा. अर्धकच्चं प्रेसमड टाकू नका, ते कुजताना तापतं आणि मुळं भाजतात.

धूळ आणि कीड

पानावर बोट फिरवा. बोट राखाडी झालं तर पानं धुवायला झालीत. धुळीच्या थरामुळे पानाला ऊन कमी मिळतं, आणि धुळकट कोरड्या झाडावर लाल कोळी फार वाढतो, पानाच्या मागे बारीक जाळी दिसते. पंधरा दिवसांतून एकदा टँकरच्या शॉवरने वरून धुतलं तरी फरक पडतो. फक्त बोअरचं खारं पाणी भर उन्हात पानावर मारू नका, डाग पडतात.

मिलीबग असेल तर आधी लागलेल्या फांद्या कापून पिशवीत भरून बाहेर काढा, मग निंबोळी तेल लिटरला पाच मिली आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी. झाडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचा पण बंदोबस्त करा, मुंग्या गोड चिकट पाण्यासाठी मिलीबगला सांभाळतात.

अमरवेलीबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे सगळे गंडतात. ती नुसती ओढून काढली की बोटभर तुकडा फांदीला राहतो आणि त्यातूनच परत सगळी वाढते, तिला जमिनीतल्या मुळाची गरजच नसते, ती झाडातूनच रस पिते. त्यामुळे वेल नाही, वेल लागलेली फांदीच तिच्या खालून छाटायची, फुलं यायच्या आत, कारण बी पडलं की ते मातीत बरीच वर्षं जिवंत राहतं. छाटलेला माल उघड्या ट्रॉलीतून पट्टाभर ओढत नेला तर तुम्हीच ती पुढच्या सगळ्या हेजवर पेरताय. पिशवीत भरा, जाळायला पाठवा. पण त्यात कण्हेरीच्या फांद्या मिसळू देऊ नका, कण्हेर विषारी, तिचा धूरसुद्धा वाईट.

पाणी खारं आहे का

इथून थोडा खर्च. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शेकड्यात मिळतो, सोसायटीत कोणाकडे तरी असतोच. टँकर कुठल्या बोअरवर भरतो ते विचारा आणि ते पाणी मोजा. मीटरवर साधारण ४५० पीपीएमपर्यंत बिनघोर वापरा, त्याच्या वर नाजूक झाडं कुरकुरतात, २००० च्या वर गेलं तर कण्हेर, बोगनवेल असली चिवट झाडं सोडून बाकीच्यांची आशा धरू नका. मातीवर पांढरी पापडी दिसत असेल तर मोजायच्या आधीच उत्तर मिळालंय. उपाय म्हणजे दुसरा सोर्स बघणं, प्रक्रिया केलेलं सांडपाणी मिळत असेल तर ते पण चालतं (तेही मोजून), आणि पावसाळ्यात क्षार धुवून खाली जातील असा निचरा ठेवणं.

शिरा हिरव्या आणि पान पिवळं असेल तर लोक युरिया फेकतात, उपयोग शून्य. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं पण झाडाला उचलता येत नाही. लिटरला पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी परत. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, स्वस्तातलं ईडीटीए इथल्या मातीत टिकत नाही. फवारताना कर्बवर उडालं तर नव्या रंगावर गंजाचे डाग पडतात, मग बिल काढताना ऐकून घ्यावं लागतं.

ड्रिप असेल तर शेवटची टोपी काढून पाणी सोडा, गाळ किती येतो बघा, फिल्टरची जाळी धुवा. क्षाराने ड्रिपर बंद झाले असतील तर अ‍ॅसिड ट्रीटमेंट ड्रिपवाल्याकडूनच करून घ्या, घरचं टॉयलेट क्लीनर ओतू नका प्लीज.

आता खोदायचं

एवढं करूनही तोच तुकडा मरत असेल तर खाली बघावं लागतं. पण पहार मारायच्या आधी तिथून लाइटची केबल, फायबर, पाण्याची लाइन काय जातं ते संबंधित ऑफिसला विचारूनच. पोलच्या सरळ रेषेत तर खोदायचंच नाही, दोन पोलमधली केबल बहुतेक तिथूनच गेलेली असते, आणि ती किती खोल टाकलीय ते पहार लागल्यावरच कळतं.

परवानगी मिळाली की फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा हाताने काढा. बऱ्याच ठिकाणी आठ-नऊ इंचावरच पहार टण्णकन वाजते. रोड रुंद करताना जुन्या डांबरावरच कर्ब ठेवलेले असतात, मधे तोडफोडीचा राडारोडा, सिमेंटचे तुकडे, आणि वर दिसायला छान काळी माती. म्हणजे ती बुडाला भोक नसलेली लांबलचक कुंडीच झाली. उन्हाळ्यात ती तापून मुळं भाजते, सप्टेंबरच्या जोरदार पावसात पाणी तुंबून मुळं सडतात. एकाच जागी झाड उन्हाळ्यात पण मरतं आणि पावसाळ्यात पण मरतं, त्याचं कारण हे.

निचरा तपासायला खड्डा पाण्याने भरा, मुरू द्या, परत भरा आणि दुसऱ्या वेळी घड्याळ लावा. तासाला इंचभर तरी पाणी उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी पण पाणी तसंच असेल तर त्या जागी झुडूप लावून उपयोग नाही.

झुडपांना दोन फूट माती लागते. नसेल तर सगळा पट्टा फोडायचा खटाटोप करू नका, ठराविक अंतरावर खड्डे फोडून खाली मुरूम, वर माती-शेणखत एकास एक भरून त्यातच मोजकी झाडं लावा, मधे खडी टाका. दिसायला विरळ वाटतं पहिल्या वर्षी, पण तिसऱ्या वर्षी उभं असतं. पातळ माती असलेल्या तुकड्यात युफोर्बिया मिली (बुटकं काटेरी झुडूप), घायपात चालतं (घायपाताचे काटे ओलांडायच्या जागेपासून लांब). खोल माती असेल तर बोगनवेल, पिवळा टिकोमा, कण्हेर, कडू मेंदी. गुलमोहर, नीलमोहर अरुंद डिव्हायडरवर नकोच, वादळी वाऱ्यात फांदी थेट रोडवर. डिव्हायडरच्या तोंडाशी, यू-टर्नच्या जागी गुडघ्याच्या वर काहीही वाढू देऊ नका. मधल्या भागात हेज समोरच्या गाडीचा लाइट अडवते म्हणून चांगली, पण तोंडाशी तीच हेज ओलांडणाऱ्या पोराला लपवते.

लावायची वेळ दोन चांगले पाऊस झाल्यावर. पाच जूनला पर्यावरण दिनाचा कार्यक्रम असतो हे मला पण माहितीय, त्या दिवशी साहेबांच्या हस्ते चार रोपं लावा आणि बाकीची गाडी जमीन भिजल्यावर बोलवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

लाइटच्या पोलभोवती झाडं मेलीत, पोलला किंवा ओल्या मातीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, जवळ कुत्रं किंवा जनावर मेलेलं दिसलं, तर अर्थिंग गेलंय किंवा केबल उघडी आहे असं धरूनच चाला. पाणी ताबडतोब बंद, मजूर बाहेर, विद्युत विभागाला फोन. टेस्टर घेऊन स्वतः बघायला जायचं नाही.

गॅसची पाइप गेलेल्या रोडवर झाडांचा गोल पट्टा अचानक सुकला आणि वास येतोय, तर गळती असू शकते, गॅस मातीतली हवा हुसकावतो आणि मुळं गुदमरतात. तिथे गाडी चालू करू नका, मोबाइल लांब जाऊन लावा, गॅसवाल्यांच्या इमर्जन्सी नंबरला कळवा.

टँकर आलाच नाही तरी एक तुकडा कायम हिरवा आणि चिखल, तर खाली पाण्याची लाइन गळतेय. खूश होऊ नका, पाणीपुरवठ्याला सांगा. काळ्या मातीत असं पाणी रोडखाली गेलं की माती फुगते, कर्ब वाकतो, डांबराला लांब भेगा पडतात. कर्ब आधीच वाकलाय किंवा निचऱ्यासाठी कर्बला भोकं पाडायचा विचार असेल तरी सिव्हिल इंजिनिअरला विचारा, माळ्याने ठरवायची गोष्ट नाही ती.

मोठं झाड कललंय, फांदी तारेला लागलीय, झाड काढायचंय, तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडलं तर गुन्हा होतो, मग ते तुम्हीच लावलेलं असलं तरी. आणि एक लेन बंद करावी लागेल असं कुठलंही काम ट्रॅफिक पोलिसांना कळवल्याशिवाय नाही. साधं छाटणीचं काम असलं तरी रिफ्लेक्टर जॅकेट, मागे पन्नास-साठ फुटांवर कोन, आणि तोंड येणाऱ्या गाड्यांकडे करून उभं राहायचं, आपले मजूर पाठ करून वाकतात त्यांना दर वेळी सांगावं लागतं.

फोन करताना "चौकाच्या पुढे, त्या हॉटेलसमोर" असं सांगू नका, माणूस तासभर फिरत बसतो. पोलवर नंबर रंगवलेला असतो, तो सांगा आणि दोन्ही बाजूंनी फोटो पाठवा.